ढगांच्या ॲनिमेशनवर लेयरचे मेनू बसवताना झालेली फजिती

मला पॅसिफिकमधली वादळं बघायचा नाद आहे. टायफून (तिकडचं चक्रीवादळ) तयार व्हायला लागलं की हिमावारी या जपानच्या हवामान उपग्रहाच्या इमेजेस उतरवून घ्यायच्या, एकामागे एक लावायच्या आणि ढग कसे गोल फिरतायत ते बघत बसायचं, एवढंच. आम्ही चारपाच जण आहोत असले, त्यात माझा मावसभाऊ पण आहे, आमचा दादा, आणि सगळ्यांना बघता यावं म्हणून मी एक साधं वेबपेज करून ठेवलंय. त्यावर ॲनिमेशन दाखवायला एक छोटा ओपन सोर्स व्ह्यूअर घेतला, जावास्क्रिप्टची एकच फाइल आणि सोबत साधी टेक्स्टची कॉन्फिग (सेटिंग्जची फाइल), त्यात फ्रेमच्या फाइलींची नावं लिहायची, वेग लिहायचा, कुठली बटणं हवीत ते लिहायचं, झालं काम. पूर्वी हे सगळं जावा ॲप्लेटवर (ब्राउझरमध्ये चालणारे छोटे प्रोग्रॅम) चालायचं, ब्राउझरांनी ॲप्लेट बंद पाडल्यावर गाडी कॅनव्हासवर, म्हणजे ब्राउझरच्या स्वतःच्याच चित्र काढायच्या पाटीवर, आली आणि ते बरंच झालं, मोबाइलवर चालायला लागलं.

सुरुवातीला ढग आणि वर किनारपट्टीची रेघ, दोनच लेयर, म्हणजे एकावर एक ठेवलेली चित्रं, होते. मग हौस वाढली. इन्फ्रारेड (उष्णतेवरून टिपलेले ढग) होतं, त्यात व्हिजिबल (डोळ्यांना दिसतं तसं) आलं, वॉटर व्हेपर (हवेतली वाफ) आलं. मग अक्षांश-रेखांशाचं जाळं, देशांच्या सीमा, बेटांची नावं. मग वारा, तोही तीन उंचीवरचा, ८५० हेक्टोपास्कल (हवेचा दाब, जितका कमी तितकी उंची जास्त) म्हणजे साधारण दीड किलोमीटर, ५०० म्हणजे साडेपाच-पावणेसहा, आणि २०० म्हणजे पार १२ किलोमीटरच्या आसपास. मग समान दाबाच्या रेषा, वीज, पाऊस, समुद्राचं तापमान, वादळाचा आत्तापर्यंतचा मार्ग. मोजले तर १५ चेकबॉक्स! कॉम्प्युटरवर दोन ओळी व्हायच्या, चालून जायचं. दादाने मोबाइलवरचा स्क्रीनशॉट पाठवला तेव्हा कळलं की अर्धा स्क्रीन चेकबॉक्सनी खाल्लाय आणि वादळ खाली कुठेतरी चिमूटभर दिसतंय. खाली त्याने लिहिलं होतं, "अरे हा फॉर्म भरून कुठे द्यायचाय?"

तर ठरवलं, गट पाडायचे. ॲनिमेशनच्या वरच, कोपऱ्यात, तीन छोटे मेनू, दाबला की उघडणार, नको तेव्हा मिटलेला. व्ह्यूअरमध्ये त्याची सोय होतीच, प्रत्येक लेयरच्या ओळीत गटाचं नाव लिहायचं की त्या नावाचा मेनू आपोआप तयार होतो, आणि गटाला 'एकावेळी एकच' असा शिक्का मारता येतो. मला वाटलं संध्याकाळच्या चहापर्यंत उरकेल. पुढचे तीन शनिवार गेले.

पहिला घोळ तर अगदीच फालतू होता पण तास खाल्ला त्याने. कॉन्फिगमध्ये लेबलं एका ओळीत, स्वल्पविराम देऊन लिहायची, आणि फाइलींची नावं दुसऱ्या ओळीत त्याच क्रमाने. मी एका लेबलात हौसेने 'वारा, ८५०' असं लिहिलं. व्ह्यूअरला काय कळणार, त्याने त्याची दोन लेबलं केली, 'वारा' आणि '८५०', आणि तिथून पुढची सगळी लेबलं एक घर सरकली. 'वीज' दाबली की दाबाच्या रेषा उमटतायत, 'पाऊस' दाबला की वीज, आणि शेवटचं लेबल दाबलं तर काहीच नाही. मी फाइली तपासतोय, सर्व्हर तपासतोय, स्वल्पविरामाकडे लक्षच नाही. त्यात भर म्हणजे ब्राउझर जुनीच कॉन्फिग कॅशमधून (आधी साठवलेल्या प्रतीतून) देत होता, त्यामुळे दुरुस्त केल्यावरही अर्धा तास तेच दिसत होतं आणि मी बरोबर केलेलं परत चुकीचं करून ठेवलं. आता असलं काही करायला बसलो की आधी डेव्हलपर टूल्स उघडून कॅश बंद करतो.

आता खरा घोळ. मी गट पाडले ते विषयाप्रमाणे. 'ढग' मध्ये इन्फ्रारेड, व्हिजिबल, वॉटर व्हेपर. 'नकाशा' मध्ये किनारा, सीमा, जाळं, नावं. आणि 'हवामान' मध्ये बाकी सगळं. ढगांच्या गटाला 'एकावेळी एकच' लावलं ते बरोबरच होतं, तीन पूर्ण चित्रं एकावर एक ठेवून दिसणार काय, सगळ्यात वरचं. पण हवामानाच्या गटात पण तोच शिक्का मारला, कारण वाऱ्याचे तीन थर एकदम लावले की बाणांचा नुसता गुंता होतो. शिक्का मारला आणि लगेच वीज लावली की दाबाच्या रेषा गायब, पाऊस लावला की वीज गायब. साहजिक आहे, पूर्ण गटालाच तो नियम लागला ना. मग म्हटलं वाऱ्याचा वेगळा गट करू. केला. मग लक्षात आलं की समुद्राचं तापमान आणि पाऊस हे दोन्ही रंग भरलेले लेयर आहेत, तेही एकत्र लावून काही उपयोग नाही, मग त्यांचा वेगळा गट. असं करत करत सहा मेनू झाले, त्यातल्या दोघांत दोन-दोन वस्तू, म्हणजे फिरून भोपळे चौकात.

त्या दिवशी रात्री कागद घेऊन बसलो आणि नुसते १५ लेयर लिहून काढले तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी 'गट' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबत होतो. एक, बटण कुठल्या मेनूत दिसणार, हा बघणाऱ्याच्या सोयीचा प्रश्न. दोन, कोण कोणाला बंद करणार, हा त्या लेयरमध्ये काय आहे त्याचा प्रश्न. आणि तीन, कोण कोणाच्या वर रंगवला जाणार. या तिघांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. वाऱ्याचे तीन थर हवामानाच्या मेनूत बाकीच्यांबरोबर सुखाने बसू शकतात, फक्त ते आपसात एकमेकांना बंद करणार, विजेला हात लावणार नाहीत. व्ह्यूअरमध्ये या तिन्हीसाठी एकच रकाना होता आणि मी त्या एका रकान्याशी कुस्ती खेळत होतो.

मग व्ह्यूअरच्याच कोडमध्ये हात घातला. एकच फाइल असल्याने ते फार अवघड नव्हतं. प्रत्येक लेयरला तीन रकाने दिले, मेनूचं नाव, 'जोडी'चं नाव, आणि थराचा नंबर, म्हणजे रंगवायचा क्रम. एका जोडीतले लेयर आपसात एकावेळी एकच, जोडी रिकामी असेल तर साधा चेकबॉक्स. (जोडी म्हणजे दोनच असं नाही, वाऱ्याच्या जोडीत तीन आहेत, पण मला दुसरा सुटसुटीत शब्द सुचला नाही आणि कोडमध्ये आता तोच राहिलाय.) जोडीतल्यांना रेडिओ बटण (अनेकांतलं एकच निवडता येतं ते गोल बटण).

इथे परत आपटलो. रेडिओ बटणं कुठल्या डब्यात आहेत, कुठल्या मेनूत आहेत याच्याशी ब्राउझरला काही देणंघेणं नसतं, तो फक्त त्यांचं नेम ॲट्रिब्यूट बघतो, नाव सारखं असेल आणि फॉर्म एकच असेल तर ती सगळी एकाच माळेतली. मी सगळ्या रेडिओंना एकच नाव देऊन मोकळा झालो होतो. परिणाम काय, तर ८५० चा वारा निवडला की खालचं इन्फ्रारेडच बंद! काळ्या पडद्यावर नुसते बाण. बघायला मस्त दिसत होतं खरं, पण ढग हवेत ना. जोडीचं नावच रेडिओचं नाव म्हणून दिलं आणि सुटलं ते. दुसरी गोष्ट, रेडिओ बटण एकदा दाबलं की परत दाबून बंद होत नाही, हे मी इतकी वर्षं वापरतोय पण कधी जाणवलं नव्हतं. वारा लावला की वारा जाईचना, तीनपैकी एक राहणारच. म्हणून वाऱ्याच्या जोडीत 'काहीच नको' असं चौथं बटण टाकलं. ढगांच्या जोडीत मात्र मुद्दाम नाही टाकलं, तिथे काहीतरी एक पाहिजेच.

थरांचं पण सांगतो. कॅनव्हासचा हिशोब साधा आहे, जे नंतर रंगवलं ते वर. व्ह्यूअर कॉन्फिगमध्ये ज्या क्रमाने लेयर लिहिलेत त्याच क्रमाने रंगवत होता. मी मेनू नीट दिसावेत म्हणून ओळी वरखाली केल्या, नकाशाचा मेनू आधी, हवामानाचा नंतर, आणि पावसाचा रंग किनारपट्टीच्या वर येऊन बसला, जपान दिसेनासा झाला. आता थराचा नंबर वेगळा आहे म्हणून मेनूत काहीही कुठेही असो, रंगवताना आधी पूर्ण चित्रं, मग रंग भरलेले, मग रेषा, मग बाण आणि ठिपके, आणि नावं सगळ्यात शेवटी. नंबर देताना मी १०, २०, ३० असे दिले, मध्ये काही घुसवायचं झालं तर जागा राहते.

पारदर्शकतेचा एक किस्सा यातच उरकतो. समुद्राच्या तापमानाचा लेयर लावला की ढग पूर्ण गुल, पांढरा पडदा. थर तपासले, नंबर तपासला, सगळं ठीक. फाइल बघितली तर जेपेग. जेपेगमध्ये पारदर्शक असा प्रकारच नसतो, रिकामी जागा कुठल्यातरी रंगाने भरते, माझ्या फाइलीत पांढऱ्या. जिफमध्ये असते पण ती आर या पार, पिक्सेल एक तर पूर्ण दिसणार किंवा अजिबात नाही, त्यामुळे रेषांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसतात. पीएनजीत २५६ पायऱ्या मिळतात, धूसर कडा नीट येतात. सगळे लेयर पीएनजी करून टाकले, खालचे ढग तेवढे जेपेग ठेवले, त्यांना पारदर्शक व्हायची गरजच नाही.

आता जे सांगणारे ते मला सगळ्यात जास्त छळून गेलं आणि तितकंच आवडलंही. मेनू झाले, सगळं झालं, आणि एके दिवशी ॲनिमेशन बघताना जाणवलं की विजा ढगांच्या थोड्या पुढे पडतायत. म्हणजे ढगाचा उंच भाग जिथे आहे तिथे नाही, तर तो जिकडे चाललाय तिकडे जरा पुढे. आधी वाटलं इमेजच्या मापात फरक असेल, कारण ती चूक मी पूर्वी केली होती, ढग १२०० बाय ९०० आणि किनारा १२०० बाय ८८०, कॅनव्हासने ताणून बसवला आणि बेटं समुद्रात सरकली. पण यावेळी मापं बरोबर होती. आणि गंमत म्हणजे ॲनिमेशनच्या पहिल्या अर्ध्यात चूक दिसायची, दुसऱ्या अर्ध्यात सगळं चपखल. दुसऱ्या दिवशी बघितलं तर चूक नाहीच! मला वाटलं मलाच भास होतायत.

शेवटी फ्रेम एकेक करून सरकवल्या आणि वेळा कागदावर लिहिल्या. हिमावारी पूर्ण गोलाची इमेज दर १० मिनिटांनी घेतो, पण दिवसातून दोन वेळा, यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) ०२:४० आणि १४:४० ला, घेत नाही, ती वेळ उपग्रहाच्या स्वतःच्या देखभालीची असते. म्हणजे दिवसाला १४४ नाही, १४२. माझी स्क्रिप्ट काय करायची, शेवटच्या उपलब्ध २४ फाइली उचलायची, प्रत्येक लेयरच्या वेगवेगळ्या. विजेच्या फाइली मीच दर १० मिनिटांच्या बनवतो, त्यात खंड नाही, म्हणून त्यांची यादी ०१:०० पासून ०४:५० पर्यंत. ढगांच्या यादीत ०२:४० नाही, म्हणून २४ भरायला ती एक पाऊल मागे जाऊन ००:५० पासून सुरू. व्ह्यूअर वेळ बघत नाही, तो पहिल्यावर पहिली, दुसऱ्यावर दुसरी असं ठेवतो. त्यामुळे पहिल्या ११ फ्रेममध्ये वीज १० मिनिटं पुढे, आणि बाराव्या फ्रेमला दोघांची ०२:५० वर गाठ पडली की तिथून पुढे सगळं बरोबर. दुसऱ्या दिवशी मी वेगळ्या वेळी बघितलं, तेव्हा ती भानगडीची वेळ त्या २४ फ्रेममध्ये आलीच नव्हती. हे कळलं तेव्हा मी घरात एकटाच मोठ्याने हसलो.

दुरुस्ती करताना यादीच उलटी बांधली. आधी वेळांची यादी करायची, ढगांच्या फाइली ज्या वेळांच्या आहेत त्याच वेळा धरायच्या, आणि मग प्रत्येक लेयरने त्या वेळेला किंवा त्याच्या लगेच आधीची आपली फाइल द्यायची. पाऊस अर्ध्या तासाचा असतो, तर एकच फाइल तीन फ्रेमना येते. वारा हवामानाच्या कॉम्प्युटर मॉडेलचा, दर ६ तासांचा, ००, ०६, १२, १८ यूटीसी, तर २४ च्या २४ फ्रेमना मिळून एक नाहीतर फार तर दोन फाइली. किनारपट्टीला तर वेळच नाही. ०२:४० ची फ्रेम मी गाळतो, आधीचीच परत दाखवली असती तर चाललं असतं, पण मग ढग क्षणभर थिजल्यासारखे दिसतात आणि कोणीतरी विचारतंच की वादळ थांबलं का.

मोबाइलचं दुखणं वेगळंच होतं. दादाचा फोन जुना, आणि पेज उघडून दोनतीन लेयर लावले की टॅब आपोआप रिलोड व्हायचा. फाइली लहान आहेत मग का, असं वाटत होतं, पण फाइल कितीही दाबलेली असो, दाखवताना ती उलगडते आणि प्रत्येक पिक्सेलला ४ बाइट जातात. १२०० गुणिले ९०० गुणिले ४ म्हणजे ४३ लाख बाइट, एका फ्रेमला ४ एमबीच्या वर. २४ फ्रेम म्हणजे १०० एमबीच्या वर, आणि मी ढगांचे तिन्ही प्रकार आधीच लोड करून ठेवत होतो, वर वीज, पाऊस, सगळंच. आता जो लेयर पहिल्यांदा लावला जाईल तेव्हाच त्याच्या इमेजेस मागवतो, आणि त्या पूर्ण तयार होईपर्यंत लेबलाशेजारी तीन ठिपके दाखवतो, नाहीतर लोक परत परत दाबत बसतात. फोनवर तर फ्रेम पण अर्ध्या मापाच्या देतो, लांबी-रुंदी अर्धी केली की मेमरी पावपट होते.

मेनू उघडण्याची पण एक गंमत झाली. मी आधी माउस नुसता वर नेला की मेनू उघडेल असं केलं होतं, कॉम्प्युटरवर फार छान. फोनला माउसच नाही. मग ब्राउझरचाच उघड-मिट करणारा डीटेल्स टॅग वापरला, त्याला जावास्क्रिप्टही लागत नाही, आणि २०२३ च्या शेवटापासून ब्राउझरांमध्ये अशी सोय यायला लागलीये की तिन्ही डीटेल्सना एकच नेम दिलं की एक उघडला की दुसरा आपोआप मिटतो. पण मेनू ॲनिमेशनच्या डब्याच्या आत होता आणि त्या डब्यावर क्लिक केलं की झूम होतं, त्यामुळे 'वीज' दाबली की वीज पण लागायची आणि चित्र पण भस्सकन जवळ यायचं. क्लिक आतून बाहेर वर चढत जातं, ते मेनूवरच अडवलं.

आणि मराठी लेबलं! मी मेनूच्या ओळी दाटीवाटीने बसाव्यात म्हणून लाइन-हाइट १ ठेवली होती आणि बाहेर जाणारं कापायला लावलं होतं. इंग्रजीत खपून गेलं असतं. आपल्या वेलांट्या डोक्यावर असतात, त्या कापल्या गेल्या आणि 'वीज' चं 'वाज' झालं. दादाने ग्रुपवर विचारलं, "हे वाज काय असतं रे?" लाइन-हाइट दीडच्या वर नेली.

शेवटची फजिती पूर्ण माझीच. प्रत्येकाने लावलेले लेयर पुढच्या वेळी तसेच राहावेत म्हणून ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये (बघणाऱ्याच्याच फोन-कॉम्प्युटरवर) ठेवत होतो, पण ठेवत होतो क्रमांकाने, २, ५, ९ असं. महिन्याभराने मध्ये एक नवीन लेयर घातला आणि सगळ्यांचं सगळं एकाने सरकलं, ज्याने वीज लावून ठेवली होती त्याला पाऊस दिसायला लागला. म्हणजे स्वल्पविरामाचाच घोळ पुन्हा, वेगळ्या दारातून. आता प्रत्येक लेयरला एक छोटं न बदलणारं नाव आहे आणि साठवताना तेच साठवतो, जुने क्रमांक सापडले तर सरळ पुसून टाकतो.

आत्ता तीन मेनू आहेत, मिटलेले असले की नावाशेजारी आत किती लेयर चालू आहेत तो आकडा दिसतो, 'हवामान २' असा, कारण काहीतरी लावलेलं असायचं आणि लोक विसरायचे. रंग भरलेल्या लेयरना फिकटपणाचा एक स्लायडर दिलाय. काल दादाने नवीन मागणी टाकलीये, हवामानाच्या मेनूच्या आत अजून एक मेनू हवा, वाऱ्याचा. त्याला म्हटलं, दादा, चार बटणं आहेत तिथे, बोटाने दाब की.